बोटीवरचं गणित, आकाशातली दुर्बीण

३१ जुलै १९३०. ऐन पावसाळा, खवळलेला अरबी समुद्र आणि मुंबई बंदरातून निघालेली 'पिल्स्ना' नावाची इटालियन बोट. बोटीवर मद्रासचा एक मुलगा, वय वर्षं १९. नुकतीच बीएस्सी ऑनर्स पूर्ण केलेली आणि सरकारी स्कॉलरशिपवर केंब्रिजला निघालेला. आपण विमानात बसलो की आधी चार्जिंग पॉइंट शोधतो, मग पिक्चर लावतो. या मुलाकडे होती तीन पुस्तकं, कागद आणि भरपूर रिकामा वेळ.

त्या प्रवासात त्याने एक गणित मांडलं. त्याच गणितामुळे पुढे भर सभेत त्याचं हसं झालं. त्याच गणितासाठी ५३ वर्षांनी नोबेलही मिळालं. आणि मृत्यूनंतर चार वर्षांनी त्याच्या नावाची एक क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली. मुलाचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. सगळे त्याला चंद्रा म्हणायचे, आणि दुर्बिणीचं नावही चंद्राच.

चंद्राचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा. वडील रेल्वेच्या हिशेबतपासणी खात्यात अधिकारी, त्यामुळे बदलीची नोकरी. आधी लाहोर, मग लखनौ आणि शेवटी मद्रास. दहा भावंडांत हा तिसरा, पण मुलांमध्ये थोरला. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण घरीच. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. काका म्हणजे सी. व्ही. रामन. चंद्रा बोटीत बसला त्याच वर्षी काकांना नोबेल जाहीर झालं. एवढं वाचून वाटेल की याचं सगळं आधीच सेट होतं. तसं नव्हतं. वडिलांना मुलगा आयसीएस व्हायला हवा होता (तेव्हाची यूपीएससी समजा). मुलाला फिजिक्स हवं होतं, आणि आईने मुलाची बाजू घेतली.

प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना एक गंमत झाली. १९२८ मध्ये अर्नोल्ड सॉमरफेल्ड हे मोठे जर्मन शास्त्रज्ञ मद्रासला आले. चंद्राने त्यांचं अणुरचनेवरचं पुस्तक वाचून काढलेलं, म्हणून कॉन्फिडन्स जबरदस्त. तो थेट त्यांच्या हॉटेलवर जाऊन धडकला. सॉमरफेल्डनी त्याला सांगितलं की तू शिकलास ते फिजिक्स आता मागे पडलंय, गेल्या दोन-तीन वर्षांत सगळं बदललंय. आणि स्वतःच्या नव्या, अजून छापायच्या असलेल्या पेपरची प्रुफं त्याच्या हातात ठेवली. आपला सिलॅबस जुना आहे ही तक्रार आपण कँटीनमध्ये बसून करतो. चंद्राने लायब्ररी गाठली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, त्याचा पेपर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्यामार्फत.

निघायच्या वेळी आई खूप आजारी होती. जावं की नाही या विचारात तो अडकला होता, आणि आईनेच त्याला जायला लावलं. ती मे १९३१ मध्ये गेली. तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता.

आता बोटीवरच्या गणिताकडे. तारा आयुष्यभर दोन शक्तींच्या ओढाताणीत जगतो. गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबतं, आतली उष्णता बाहेर ढकलते. इंधन संपलं की बाहेर ढकलणारं कमी पडतं आणि तारा आकसतो. मग तो थांबतो कुठे? फाउलरनी १९२६ मध्ये उत्तर दिलं होतं: इलेक्ट्रॉन थांबवतात. क्वांटमच्या नियमानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर आपण चौथी सीट काढतो. इलेक्ट्रॉनना ती सवलत नाही. जागा भरल्या की पुढच्यांना जास्त वेगाच्या, जास्त ऊर्जेच्या जागा घ्याव्या लागतात. त्यातून जो दाब तयार होतो तो ताऱ्याला सावरतो. असा आकसून शांत झालेला तारा म्हणजे श्वेत बटू. फाउलरच्या हिशेबाने प्रत्येक ताऱ्याचा शेवट असाच निवांत.

चंद्राच्या लक्षात आलं की जड ताऱ्यात हे इलेक्ट्रॉन इतके दाटतात की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. मग आइन्स्टाइनची सापेक्षता धरायलाच हवी, आणि फाउलरनी ती धरलेली नव्हती. चंद्राने ती समीकरणात घातली आणि वेगळंच काहीतरी बाहेर आलं. दाब हवा तितका वाढत नाही. वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं तर इलेक्ट्रॉन ताऱ्याला सावरूच शकत नाहीत. १९३१ मध्ये छापलेल्या पेपरात ही मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट होती, कारण ताऱ्याच्या आतल्या द्रव्याबद्दलचं गृहीतक तेव्हा वेगळं होतं. आज आपण ती साधारण १.४ पट धरतो. पाठ्यपुस्तकात जिला 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणतात ती हीच.

मर्यादेपलीकडच्या ताऱ्याचं काय होतं? समीकरण सांगत होतं की तो आकसतच जातो. न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरं हे शब्द आपण आज शाळेत ऐकतो. १९३० मध्ये हे उत्तर म्हणजे वेडेपणाच वाटावा असं होतं.

यात आर्थर एडिंग्टन येतात. १९१९ च्या सूर्यग्रहणाची निरीक्षणं घेऊन आइन्स्टाइनचा सिद्धांत तपासणारे, त्या काळातले सगळ्यात वजनदार खगोलशास्त्रज्ञ. चंद्राला कॉलेजात निबंधाचं बक्षीस म्हणून ताऱ्यांच्या अंतरंगावरचं जे पुस्तक मिळालं होतं ते एडिंग्टन यांचंच, आणि बोटीवरच्या तीन पुस्तकांत तेही होतं. (दुसरं सॉमरफेल्डचं. तिसरं कॉम्प्टनचं, क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन या विषयावरचं.) १९३४ च्या शेवटी चंद्रा केंब्रिजमध्ये नेटाने हे गणित तपशिलात करत होता तेव्हा एडिंग्टन अनेकदा त्याच्या खोलीवर यायचे, काम कुठवर आलं ते विचारायचे. आपल्याला गाइडने असा वेळ दिला तर आपण भाग्यवान समजू.

११ जानेवारी १९३५, लंडन, रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक. २४ वर्षांच्या चंद्राने आपलं गणित मांडलं. लगेच पुढचे वक्ते म्हणून एडिंग्टन उभे राहिले आणि त्यांनी त्या गणिताची टर उडवली. समीकरणात चूक दाखवली का? नाही. निसर्ग ताऱ्याला असं विचित्र वागू देणार नाही, असा कुठलातरी नियम असलाच पाहिजे, एवढाच त्यांचा मुद्दा. सभागृह हसलं. इतके महिने खोलीवर येणाऱ्या माणसाने आपल्या मनात काय आहे याचा पत्ता लागू दिला नव्हता.

यानंतरचं मला जास्त खटकतं. चंद्राने नील्स बोर, पाउली अशा दिग्गजांपर्यंत हा वाद पोचवला. खासगीत त्यांचं मत पडलं की गणित चंद्राचंच बरोबर आहे. पण जाहीरपणे तसं बोलायला कुणी उभं राहिलं नाही. आकडे बरोबर होते, जाणकारांना ते पटलेही होते, तरी मोठ्या माणसाशी कोण भांडणार म्हणून विषय बाजूला पडला.

चंद्राने मग काय केलं? सप्टेंबर १९३६ मध्ये मद्रासला येऊन कॉलेजातली मैत्रीण ललिता दोराईस्वामी हिच्याशी लग्न केलं, आणि १९३७ च्या सुरुवातीला दोघं अमेरिकेत यर्किस वेधशाळेत पोचले, शिकागो विद्यापीठाच्या नोकरीवर. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवरचं आपलं सगळं काम एका पुस्तकात लिहून काढलं, मर्यादेसकट. पुस्तक झालं, विषय बंद. तो दुसऱ्या विषयाकडे वळला.

(इथून पुढे त्यांना 'अहो' म्हणू या. प्रोफेसर झालेल्या माणसाला 'तो' म्हणणं बरं दिसत नाही.)

काही जण याला माघार म्हणतात. मला तसं वाटत नाही. भांडत बसले असते तर आयुष्य एडिंग्टन यांच्या नावाने गेलं असतं. त्यांनी हिशेब लिहून ठेवला, ज्याला तपासायचा असेल त्याने तपासावा म्हणून. आणि हीच त्यांची पद्धत बनली. एक विषय घ्यायचा, काही वर्षं त्यात पूर्ण बुडायचं, शेवटी जाडजूड पुस्तक लिहायचं आणि पुढचा विषय कोरी पाटी घेऊन सुरू करायचा. ताऱ्यांच्या समूहांची गती, प्रकाशाचा वातावरणातून प्रवास, द्रवांचं स्थैर्य, फिरणाऱ्या गोलांचे आकार, असं करत १९८३ मध्ये कृष्णविवरांच्या गणितावरचं पुस्तक. म्हणजे फिरून त्याच गल्लीत, पण वयाच्या ७२ व्या वर्षी. मृत्यूच्या वर्षी आलेलं शेवटचं पुस्तक न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'वर.

अमेरिकाही सरळ नव्हती. १९३८ मध्ये शिकागोच्या आवारात त्यांनी शिकवावं याला एका डीनने रंगावरून आक्षेप घेतला. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तो फेटाळला. शिकवण्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. चाळीसच्या दशकात ते वेधशाळेतून लांब गाडी चालवत शिकागोला एका कोर्ससाठी यायचे, आणि वर्गात नाव नोंदवलेले विद्यार्थी दोनच होते, त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग. १९५७ चं फिजिक्सचं नोबेल या दोघांना मिळालं. अख्ख्या वर्गाला नोबेल! 'लेक्चरला दोनच जण आलेत सर, सोडा ना' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

१९५२ ते १९७१ अशी १९ वर्षं ते 'अॅस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक होते. इतरांचे पेपर वाचायचे, आकडे तपासून घ्यायचे, छापायचे. हे काम ग्लॅमरस अजिबात नाही, पण विद्यापीठाचं हे नियतकालिक त्यांच्या हाताखाली जगातल्या आघाडीच्या नियतकालिकांत जाऊन बसलं. त्यांची स्वतःची कागदपत्रंही शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत.

१९८३ चं नोबेल जाहीर झालं त्या दिवशी त्यांचा ७३ वा वाढदिवस होता. त्यात मुख्यतः जुन्या कामाचाच उल्लेख आल्याने ते थोडे खट्टू झाले असं सांगतात. समजू शकतं. पन्नास वर्षं इतकं काम करायचं आणि लोकांच्या लक्षात फर्स्ट इयरचा प्रोजेक्टच!

पुणेकरांसाठी एक नोंद: विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' २८ डिसेंबर १९९२ रोजी चंद्रशेखर यांच्याच हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. तिथलं सभागृहही त्यांच्या नावाचं आहे.

२१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत हृदयविकाराने ते गेले. त्यांचं नाव मिळणारी दुर्बीण तेव्हा कारखान्यात आकार घेत होती, आणि तिला अजून नाव नव्हतं. 'एक्साफ' या लघुनावाने नासाच्या फायलींत ती ओळखली जायची. रिकार्डो जिआकोनी आणि हार्वे टॅननबॉम यांनी १९७६ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला होता. क्ष-किरण साध्या आरशावर सरळ पडले तर परत येत नाहीत, आत शिरून शोषले जातात. मात्र तळ्यात चपटा दगड तिरका भिरकावला की जसा टप्पे घेत जातो, तसे ते अगदी तिरपे आले तर आरशावरून घसरून पुढे जातात. म्हणून या दुर्बिणीचे आरसे ताटासारखे नसून बूड नसलेल्या पिंपासारखे आहेत, आणि डब्यात डबा ठेवावा तसे एकात एक बसवलेले. आरशांच्या चार जोड्या, सगळ्यात मोठ्या आरशाचा व्यास १.२ मीटर, काचेवर इरिडियम धातूचा पातळ थर. प्रतिमा पडते ती १० मीटर मागे.

खरा मुद्दा काच घासण्याचा होता आणि त्याहून जास्त काच मोजण्याचा. त्यासाठी हबलची गोष्ट माहिती हवी. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि फोटो धूसर आले. चौकशीत कळलं की आरसा अत्यंत अचूक, पण चुकीच्या आकारात घासला गेलाय. आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं होतं. पण कहर पुढेच आहे. त्याच कारखान्यात दुसऱ्या उपकरणांनी केलेल्या चाचण्यांत गडबड दिसली होती, तशी नोंदही झाली होती. मुख्य उपकरण जास्त अचूक, मग बाकीचीच चुकत असणार, असं धरून त्या नोंदींकडे दुर्लक्ष झालं. १९३५ च्या सभेची आठवण होते की नाही? आकडे समोर होते, ते कुणाचे आहेत हे बघून निकाल लागला.

हबलचा आरसा अमेरिकेतल्या डॅनबरी गावी बनला होता. एक्साफचे आरसेही डॅनबरीलाच, त्याच युनिटमध्ये घासले जाणार होते, फक्त कंपनीचं नाव आणि मालक बदलले होते. आणि यावेळी दुसरा चान्स नव्हता. हबल पृथ्वीजवळ फिरते म्हणून १९९३ मध्ये अंतराळवीर वर जाऊन तिला जणू चष्मा लावून आले. एक्साफचं बजेट १९९२ मध्ये कापलं गेलं. आरशांच्या जोड्या सहावरून चारवर आल्या, आणि कक्षा अशी ठरली की दुर्बीण चंद्राच्या अंतराच्या एक तृतीयांशापलीकडे जाईल. म्हणजे कुठलाही मेकॅनिक तिथे पोचणार नव्हता. जे काय तपासायचं ते जमिनीवरच.

म्हणून इथे नियम वेगळा ठेवला गेला. एकाच आरशाची मोजणी वेगवेगळ्या यंत्रांनी करायची आणि आकडे एकमेकांशी ताडायचे. जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. १९९१ मध्ये सगळ्यात मोठी जोडी, अजून धातूचा थरही न चढवलेली, अलाबामातल्या मार्शल केंद्रात नेली. तिथे अर्धा किलोमीटरहून लांब नळीच्या एका टोकाला क्ष-किरणांचा स्रोत आणि दुसऱ्या टोकाला आरसे अशी सोय होती. यातही एक मेख होती. जमिनीवर गुरुत्वाकर्षणाने काच किंचित वाकते, अवकाशात वाकणार नाही. तो वाक गणिताने वजा करून बघायचा होता. कारखान्यातल्या मोजणीवरून केलेलं भाकीत आणि क्ष-किरणांनी दिलेलं उत्तर जुळलं. ही चाचणी पास झाली नसती तर अमेरिकन संसदेने पैसेच थांबवले असते. पुढे चारही जोड्या बसवल्यावर १९९६ च्या अखेरीपासून १९९७ च्या मे महिन्यापर्यंत त्याच नळीत पुन्हा मोजणी झाली. आरसे इतके गुळगुळीत होते की अमेरिकेचं कोलोरॅडो राज्य तसं घासलं असतं तर तिथलं ४,३०० मीटरचं पाइक्स शिखर इंचभरही उरलं नसतं.

नावासाठी नासाने स्पर्धा घेतली. ६,००० च्या वर प्रवेशिका आल्या. 'चंद्रा' हे नाव सुचवून जिंकलेल्या दोघांपैकी एक आयडाहो राज्यातला शाळकरी मुलगा होता, दुसरी कॅलिफोर्नियातली फिजिक्सची शिक्षिका. डिसेंबर १९९८ मध्ये नाव जाहीर झालं.

जुलै १९९९. २० तारखेला काउंटडाउन शेवटच्या सात सेकंदांत थांबवलं गेलं. २२ ला हवामान आडवं आलं. २३ ला 'कोलंबिया' यान उडालं. कमांडर आयलीन कॉलिन्स, स्पेस शटलची धुरा सांभाळणारी पहिली महिला. खाली बघणाऱ्यांमध्ये ललिता चंद्रशेखर होत्या. इंजिन पेटताना सोन्याचा मुलामा असलेली एक छोटी पिन निसटली, इंजिनाच्या नळकांड्यावर आपटली आणि हायड्रोजन गळू लागला. शिवाय काही सेकंदांत एक शॉर्टसर्किट होऊन दोन इंजिनांचा प्रत्येकी एक नियंत्रक बंद पडला. उरलेल्या नियंत्रकांनी काम चालू ठेवलं आणि यान किंचित कमी वेगाने का होईना, वर पोचलं.

सगळं सुखरूप झालं असंही नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जाताना कॅमेऱ्याच्या काही चिप्स खराब झाल्या. कमी ऊर्जेचे प्रोटॉन त्या गुळगुळीत आरशांवरूनच घसरत थेट कॅमेऱ्यावर पडत होते. तेव्हापासून पट्टे आले की कॅमेरा बाजूला सरकवून ठेवतात.

ऑगस्टच्या शेवटी पहिलं अधिकृत छायाचित्र जाहीर झालं. विषय होता कॅसिओपिया ए, सुमारे ११,००० प्रकाशवर्षं दूर फुटलेल्या एका मोठ्या ताऱ्याचे अवशेष. आधीच्या क्ष-किरण दुर्बिणींनी हे अवशेष अनेकदा बघितले होते. या फोटोत मात्र पसरलेल्या वायूच्या मधोमध एक बारीक ठिपका दिसला. तो न्यूट्रॉन तारा निघाला, फुटलेल्या ताऱ्याचा आत कोसळलेला गाभा. त्या गाभ्याला इलेक्ट्रॉन सावरू शकले नव्हते. त्याचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या पलीकडे गेलं होतं.